गाविलगडाची वाट : डिसेंबर १८०३ मधले पाच दिवस



आपल्या गावाच्या नावापासूनच सुरुवात करतो. बाहेरगावच्या पाहुण्याला आपण फोनवर पत्ता सांगतो, तेव्हा "चांदूर" म्हटल्यावर थांबून "रेल्वे, बरं का, बाजार नाही" असं सांगावंच लागतं. तरीही वर्षाला एखादा पाहुणा चांदूर बाजारला उतरतोच, आणि तिथून फोन करतो की अहो, तुमचं घर सापडत नाही. एका चांदूरला रुळांनी आडनाव दिलं, दुसऱ्याला बाजाराने. आज मी तुम्हाला त्या चुकलेल्या पाहुण्याच्या वाटेने नेणार आहे. म्हणजे चांदूर बाजार, पुढे अचलपूर-परतवाडा, आणि तिथून सरळ डोंगरावर, गाविलगडला.

इथे बसलेल्यांपैकी चिखलदऱ्याला गेला नाही असा माणूस विरळा. शाळेची सहल, लग्नानंतरची पहिली सहल, पावसाळ्यात पोरांची मोटारसायकलवरची सहल. बसमध्ये बसलं, दोन-चार वळणांवर पोट ढवळलं, उतरलं आणि भजी खाल्ली. त्यामुळे तो डोंगर लांबचा आहे, अवघड आहे असं आपल्याला वाटतच नाही. चिखलदऱ्याची उंची १,११८ मीटर. हिमालय पाहिलेला माणूस हसेल. पण उंची कुठून मोजता यावर सगळं असतं. अचलपूरचं पठार साधारण पावणेचारशे मीटरवर. म्हणजे पायथ्यापासून माथ्यापर्यंत साडेसातशे मीटरचा चढ, मध्ये दऱ्या, साग-बांबूचं जंगल, आणि सडक नाही अशी कल्पना करा. आता त्या चढावर दोन टन वजनाची लोखंडी तोफ न्यायची आहे.

ही गोष्ट आहे १८०३ च्या डिसेंबरची. पण ती चिखलदऱ्याची आहे तेवढीच आपल्या गावाचीही आहे. कशी, ते पुढे सांगतो.

मागची पार्श्वभूमी थोडक्यात, कारण ती तुम्हाला शाळेत झालेली आहे. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि इंग्रजांचा आसरा घेतला. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांना ते मान्य नव्हतं. युद्ध पेटलं. २३ सप्टेंबर १८०३ ला असईची लढाई झाली. ऑक्टोबरात कर्नल स्टीव्हन्सनने बुऱ्हाणपूर आणि अशीरगड घेतला. मग लढाई वऱ्हाडात उतरली. २९ नोव्हेंबरला अकोट-तेल्हाऱ्याच्या बाजूला अडगावच्या मैदानात भोसल्यांच्या फौजेचा मोड झाला. इंग्रजी पुस्तकांत या गावाला 'आरगाम' म्हणतात, त्यामुळे आपली पोरं ते नाव वाचतात आणि कुठे असेल बुवा म्हणून नकाशात शोधत बसतात. अकोल्याच्या माणसाला विचारा, तो तिथून बस सांगेल.

अडगावला भोसल्यांचं सैन्य रघूजी भोसल्यांचे भाऊ व्यंकोजी यांच्या हाताखाली होतं. तिथून निसटलेलं पायदळ पळालं ते डोंगराकडे. गाविलगडात शिरलं. तेव्हाच्या वऱ्हाडातल्या माणसाला संकटात एवढी एकच जागा आठवायची. जमीन निजामाची आणि महसुलात वाटा भोसल्यांचा, अशा दुहेरी अमलात पिचलेला हा मुलूख. त्यात एक जागा अशी की जिथे कोणी येऊ शकत नाही.

आता हा किल्ला समजून घ्या. फरिश्ता सांगतो की बहमनी अहमदशहाने १४२५ मध्ये तो बांधला. नावात मात्र गवळी आहेत, आणि गवळ्यांचं आणि कोरकूंचं त्या डोंगरावरचं राहणं सुलतानांपेक्षा जुनं आहे. तिथला दिल्ली दरवाजा पाहिला असेल तर त्यावरचा गंडभेरुंड आठवत असेल, दोन तोंडांचा पक्षी, पंज्यात हत्ती. बांधणाऱ्याचा आत्मविश्वास त्या कोरीवकामात दिसतो. दक्षिणेला, म्हणजे आपल्या सपाटीच्या बाजूला, सरळ कडा. त्या बाजूने दरवाजा आहे, पण वाट एवढी उभी की फक्त माणूस चढेल. वायव्येला दुसरा दरवाजा. किल्ल्यावरच्या लोकांची रोजची ये-जा तिथून, पण ती वाट तटाच्या माऱ्याखालून बराच वेळ जाते आणि अरुंद आहे. राहिली उत्तर बाजू. तिथे किल्ल्यासमोर जमीन सपाट आहे, तटाच्या पातळीत. चिखलदरा त्याच पठारावर आहे. आपण आज गाडी लावून किल्ल्यात चालत जातो ते याच बाजूने.

म्हणजे उत्तरेकडून किल्ला घेणं सोपं. फक्त उत्तरेला पोचणं अशक्य. बांधणाऱ्याचा हिशोब असा होता की उत्तरेचा तट डोंगरानेच सांभाळायचा. अचलपूरहून डोंगरातून फिरून त्या बाजूच्या गावापर्यंत जायला सुमारे तीस मैल, म्हणजे अठ्ठेचाळीस किलोमीटर. इंग्रजी कागदांत त्या गावाचं नाव 'लबाडा' असं येतं. तिथपर्यंत तोफा ओढून नेणारा वेडा जन्माला यायचा होता.

तो चौतीस वर्षांचा होता. आर्थर वेलस्ली. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं, तोच. पण वऱ्हाडातला वेलस्ली समजायचा असेल तर तलवार सोडा आणि बैल बघा. त्याची पत्रं वाचताना कधी कधी वाटतं की हा सेनापती आहे की बैलबाजारातला दलाल. चारा किती, बैल कोणते, किती चालतील, किती मेले. टिपू सुलतान पडल्यावर म्हैसूरचे अमृतमहाल बैल कंपनीच्या हाती आले होते आणि त्यांची किंमत याला बरोबर कळली होती. आपल्याकडच्या कास्तकाराला हे वेगळं सांगायला नको. वर्ध्याकडच्या गवळाऊ बैलाबद्दलही असंच म्हणतात की भोसल्यांच्या काळात डोंगरातून झपझप माल न्यायला ती जात वाढवली गेली. दोन्हीकडे बैल होते. प्रश्न बैल कुठे वापरायचे हे कोणाला सुचतं एवढाच होता.

५ डिसेंबरला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन अचलपूरला आले. अडगावच्या जखमींसाठी तिथे दवाखाना लावला. मग तुकड्या पुढे पाठवून डोंगराच्या तोंडावरचं एक तटबंदीचं गाव ताब्यात घेतलं. कागदांत नाव 'दामरगाम'. हे आपलं शेजारचं धामणगाव रेल्वे नव्हे, हे धामणगाव गढी. नावातच गढी आहे. डोंगरात शिरण्याची किल्ली म्हणजे ते गाव, आणि ती पहिल्या झटक्यात गेली.

७ डिसेंबरला दोन्ही फौजा हलल्या. स्टीव्हन्सन धामणगाव गढीहून मोथ्याच्या बाजूने डोंगरात, वेलस्ली दक्षिणेला पायथ्याशी. ७ ते १२, पाच दिवस. या पाच दिवसांबद्दल वेलस्लीने स्वतः लिहिलं आहे, १५ डिसेंबरच्या पत्रात, देवगावच्या छावणीतून. त्याचा आशय असा की एवढे कष्टाचे काम मी यापूर्वी पाहिलेले नाही. अवजड तोफा आणि दारूगोळा जवळजवळ सगळ्या वाटभर माणसांनी हातांनी ओढला, डोंगरांवरून, घळींतून, आणि ज्या रस्त्यावरून ओढला तो रस्ताही आधी त्यांनाच तयार करावा लागला.

हातांनी. बैलवेड्या सेनापतीने हे लिहिलं आहे, लक्षात घ्या. जिथे बैल चालेना तिथे माणूस जुंपला.

मी जेव्हा हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थोडा हिशोब केला. अठरा पौंडी लोखंडी तोफ म्हणजे जिचा गोळा आठ किलोचा, ती स्वतः सुमारे दोन टनांची. अशा दोन. बारा पौंडी लोखंडी तोफा तीन. शिवाय पितळी तोफा, आखूड नळीच्या हॉविट्झर, गोळे, दारूची पिंपं, शिड्या. रोज साधारण दहा किलोमीटर. चढावर दोर लावून ओढायचं हे एक वेळ समजतं. पण घळीत उतरताना? तेव्हा दोर मागून धरायचा, तोफ सुटली की खालचे चिरडले. डिसेंबरची थंडी, वर चिखलदऱ्याला हात गोठतात. दिवसा रस्ता खणायचा, झाडं तोडायची, दगड फोडायचे, आणि त्यावरून ओढत न्यायचं.

कोण होते हे लोक? स्टीव्हन्सनचं नाव आपल्याला माहीत आहे. ओढणारे बहुतेक मद्रासच्या पलटणीतले शिपाई, तेलुगू-तमिळ मुलखातली माणसं, पायोनियर म्हणजे रस्ते करणाऱ्या पलटणी, तोफखान्याचे खलाशी, आणि एक स्कॉटिश पलटण. फौजेच्या मागे चालणारे हमाल, डोलीवाले, बैलवाले वेगळेच. मोहिमेचा इतिहास पत्रांतून लिहिला जातो, आणि ज्यांच्या हाताला दोर होता त्यांनी पत्रं लिहिली नाहीत.

इथे मला एक प्रश्न नेहमी अडतो. किल्ल्यातली माणसं काय करत होती? अठ्ठेचाळीस किलोमीटरची डोंगरवाट, पाच दिवस, दोरांना लटकलेली दमलेली फौज. गनिमी काव्याला याहून चांगली जागा कोणती? आपण शिवकाळाचे पोवाडे ऐकून मोठे झालेले लोक, आपल्याला वाटतं की एका घळीत दोनशे माणसं बसवली असती तरी पुरे होतं. पण त्या पत्रात वाटेवर मोठी अडवणूक झाल्याचं काही येत नाही. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. किल्ल्यातलं पायदळ आठ दिवसांपूर्वी मैदानात मार खाऊन आलं होतं. पळून आलेल्या माणसाला तट हवा असतो, जंगल नको असतं. आणि दुसरं, जी वाट अशक्य आहे असं पावणेचारशे वर्षं सगळ्यांनी मानलं, तिच्यावर पहारा ठेवावा असं कोणाच्या मनात येणार? किल्लेदाराचा दोष मी यात फारसा धरत नाही. डोंगर सांभाळेल, या भरवशावर तो किल्ला उभाच होता.

१२ तारखेच्या रात्री स्टीव्हन्सनने उत्तर तटासमोर दोन मोर्चे उभे केले. त्याच रात्री दक्षिणेला काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. वेलस्लीनेही आपल्या बाजूने, दक्षिण दरवाजाखालच्या डोंगरावर मोर्चा लावायचा ठरवला होता. दोन लोखंडी तोफा, दोन पितळी. लोखंडी तोफा वर चढल्याच नाहीत. पितळी तोफांच्या गोळ्यांनी तटाला फारसं काही झालं नाही. म्हणजे खुद्द सेनापती जिथे होता तिथे डोंगराने आपलं काम चोख केलं. एकाच डोंगराच्या दोन बाजू, एकच रात्र, त्याच प्रकारच्या तोफा. फरक एवढाच की एका बाजूला पाच दिवस रस्ता केला होता.

१३ ला सकाळी मारा सुरू झाला, १४ च्या रात्रीपर्यंत तटाला खिंडारं पडली, १५ ला सकाळी दहाच्या सुमारास हल्ला. लढाईचं वर्णन मी लांबवत नाही. कर्नल केनीने खिंडारावरची तुकडी नेली, तो जबर जखमी झाला आणि त्यातच गेला. आतला किल्ला अजून शाबूत होता. त्याच्या भिंतीवर कॅप्टन कॅम्पबेलने शिड्या लावल्या, माणसं आत उतरवली आणि दरवाजा उघडला. किल्ल्यातले बेनीसिंह आणि त्यांचे साथीदार राजपूत शेवटपर्यंत लढले. दरवाजापाशी प्रेतांच्या राशीत बेनीसिंहांचं शव मिळालं. दरवाजांपाशीच सर्वात जास्त माणसं मेली, कारण तिथून बाहेर पडायची वाट अरुंद होती. ज्या अरुंद वाटेने शत्रू आत येऊ नये म्हणून किल्ला बांधला, त्याच वाटेत आतले अडकले. त्या हल्ल्यात चोवीस वर्षांचा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनही होता, पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला तो. इंग्लंडात आजही काही लोकांना गाविलगड माहीत आहे, पण तो एका कादंबरीमुळे, बर्नार्ड कॉर्नवेलच्या. आपल्याकडे त्यावर कादंबरी नाही. असो.

दोन दिवसांनी, १७ डिसेंबर १८०३ ला, अचलपूरजवळच्या देवगावला भोसल्यांनी तह केला. आणि आता आपल्या गावाकडे येतो. त्या तहाने भोसल्यांनी कटक-बालासोर इंग्रजांना दिलं, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेच्या मुलखावरचा हक्क सोडला, तो गेला निजामाकडे. गाविलगड, नरनाळा आणि त्यांच्या आसपासचा चार लाख उत्पन्नाचा मुलूख तेवढा भोसल्यांकडे राहिला, तोही १८२२ मध्ये निजामाकडे गेला.

आता सांगा, पुलगावला जाताना गाडी कोणत्या नदीवरून जाते? वर्धा. पुलगाव पलीकडे, धामणगाव आणि आपण अलीकडे. पश्चिमेला. म्हणजे आपण या सभागृहात बसलो आहोत ती जमीन त्या तहाने नागपूरकरांच्या हातून सुटली. इथे एक गोळी उडाली नाही. निर्णय झाला तो तिकडे डोंगरात, धामणगाव गढी ते लबाडा या अठ्ठेचाळीस किलोमीटरांवर. पुढे १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं, १८६० च्या दशकात रूळ आले, १८६७ मध्ये गाडी नागपूरपर्यंत धावली आणि चांदूरचं चांदूर रेल्वे झालं. तो सगळा धागा त्या पाच दिवसांपर्यंत मागे जातो.

डोंगराचं पुढे काय झालं, ते झपाट्याने सांगतो. १८२३ मध्ये हैदराबादच्या पलटणीतल्या कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदरा 'शोधून काढला' असं गॅझेटियर सांगतं. कोरकू तिथे होतेच, पण त्यांना शोधून काढणाऱ्यात कोणी धरत नाही. गोरे साहेब उन्हाळ्यात वर जाऊ लागले, बंगले झाले, कॉफीची झाडं आली, ती आजही आहेत. १८५८ मध्ये तात्या टोपे किल्ल्यात शिरतील या धास्तीने इंग्रजांनीच तटबंदी पाडली. मग १८६० च्या दशकात मेळघाटचं जंगल राखीव होऊ लागलं, लाकडासाठी वाटा झाल्या. १९७४ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला.

म्हणजे पाहा, ज्याला ज्याला वर काही हवं होतं, त्याची वाट झाली. तोफेची झाली, साहेबाच्या हवापालटाची झाली, सागवानाची झाली.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत माझी ड्यूटी धारणी तालुक्यातल्या एका गावी लागली. तुमच्यापैकी जे मास्तर किंवा कारकून होते त्यांना आठवत असेल, मेळघाटची ड्यूटी आणि मेळघाटची बदली म्हणजे शिक्षाच समजायचे. जीप एका नाल्यापाशी थांबली, पुढे रस्ता नाही. दोन कोरकू माणसं आली, त्यांनी मतपेट्या डोक्यावर घेतल्या, आम्ही मागून चालत गेलो. दोन तास. दमल्यावर एका झाडाखाली बसलो. त्यातल्या एकाला मी सहज विचारलं, आजारी माणसाला कसं नेता? तो म्हणाला, असंच. मागच्या पावसाळ्यात बायकोला खाटेवर घालून याच वाटेने नेत होतो. पोटुशी होती. नाल्याला पूर होता. तो उतरायची वाट बघत बसलो. मग त्याने पेटी परत डोक्यावर घेतली. पुढचं मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

त्याच्या दोन वर्षं आधी, १९९३ च्या सुमारास, मेळघाटातल्या कुपोषणाने झालेले बालमृत्यू देशभर गाजले होते. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. आम्ही वर्गात मेळघाटला 'दुर्गम भाग' असं शिकवत होतो. परतल्यावर मी तो शब्द फळ्यावर लिहिला आणि पुढे काय बोलावं ते सुचेना. दुर्गम म्हणजे जिथे जाता येत नाही. पण मतपेटी तर वेळेवर पोचली होती. एकशे ब्याण्णव वर्षांपूर्वी तोफा पाच दिवसांत पोचल्या होत्या. मग दुर्गम कोणासाठी?

याच काळात डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे बैरागडला राहत होते. सुरुवातीच्या दिवसांत डॉक्टर चाळीस किलोमीटर पायी चालून बैरागडला पोचायचे, हे त्यांनी अनेकदा सांगितलं आहे. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत तो चाळीसचा आकडा छापून आला. मी वाचताना माझ्या डोक्यात दुसरा आकडा फिरत होता, अठ्ठेचाळीस. जवळपास तेवढीच वाट.

आता रस्ते बरेच सुधारले, मी नाकारत नाही. रुग्णवाहिका जाते. तरी पावसाळ्यात काही गावांचा संपर्क तुटल्याची बातमी दरवर्षी येते, पाच ओळींची, आतल्या पानावर. वाघासाठी जंगल राखायचं तर डांबर किती टाकायचं, हा प्रश्नही खरा आहे आणि त्याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. पण जो कोणी ते उत्तर देईल, त्याने आधी त्या खाटेखाली खांदा द्यावा एवढं मला वाटतं.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, की ही वाट आज बघता येईल का? येईल. गाडीने बडनेरा, तिथून अमरावती, परतवाडा. परतवाड्याहून बहुतेक जण घटांगच्या रस्त्याने जातात. तुम्ही धामणगाव गढीचा रस्ता धरा. तोच मूळ खुणेवरून जातो असं मी म्हणणार नाही, पण डोंगरात शिरायची दिशा तीच. मोथ्याच्या अलीकडे एखाद्या वळणावर गाडी बाजूला घ्या, उतरा आणि मागे बघा. खाली सगळं सपाट वऱ्हाड दिसेल. मग समोरचा चढ बघा आणि मनात दोन टन वजन धरा. मोथ्याला रस्त्याकडेला स्ट्रॉबेरी विकायला बसलेले असतात, त्यांच्याकडून घ्या, भाव फार करू नका. किल्ल्यात उत्तरेकडून शिरा, पडका तट बघा, आणि मग चालत पार दक्षिण कड्यापर्यंत जा, म्हणजे वेलस्लीच्या तोफा का चढल्या नाहीत ते डोळ्यांनी दिसेल. कड्याला कठडा नाही, पोरांचा हात सोडू नका. आणि स्वेटर न्या. डिसेंबरात गेलात तर दोन न्या.